सदर इसमाची जन्मतारीख

खर्डी, ता. शहापूर
२० जानेवारी २००८

वर मायना घातलेला नाही. 'सौ.' लिहावं तर ते लग्न मी पाहिलेलं नाही, 'कु.' लिहावं तर खोटं होईल, आणि 'चि.' लिहायचा माझा विचार नाही. कामाचं पत्र आहे, कामाचंच बोलतो.

विषय : तुझ्या कंपनीच्या विम्याच्या कागदावरून माझं नाव कमी करण्याबाबत.

उंबरमाळीच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला सुदाम तुला आठवत असेल. पावसाळ्यात खेकडे आणून द्यायचा तो. त्याची मुलगी कुणाली दातांची डॉक्टर झाली. शहापुरात एसटी स्टँडच्या मागे तिनं दवाखाना थाटलाय. मागच्या आठवड्यात तिचा निरोप आला, की गुरुजींना म्हणावं एकदा येऊन जा, तुमच्यामुळे माझी पंचाईत झाली आहे. म्हणून गेलो. दात दुखत होता म्हणून गेलो नाही. तुझ्या आईनं फोनवर तसं सांगितलं असेल तर ते चूक आहे. तुम्ही दोघी फोनवर बोलता हे मला माहीत नाही, असं तिला वाटतं. तसंच वाटू दे.

पंचाईत अशी. आसनगावकडच्या एका कारखान्यातल्या कामगारांना दातांचा विमा आहे. पूर्वी कुणी गाल धरून आला की कुणाली फॉर्म भरून मुंबईला पाठवायची. याच्या विम्यात दात काढणं बसतं का, कवळी बसते का, यंदाचे किती उरलेत, या तीन प्रश्नांची उत्तरं यायला तीन आठवडे. फोन लावला तर पलीकडे नुसती पेटी वाजायची. तोवर पेशंट दाढेखाली लवंग दाबून घरी. आता विमा कंपनीनं दातांच्या डॉक्टरांना इंटरनेटवरून आतलं सगळं बघायची सोय करून दिली आहे. कार्डाचा नंबर घालायचा, पेशंटची जन्मतारीख घालायची, की त्याचं नाव, घरातल्या कुणाकुणाची नावं, काय बसतं आणि काय नाही, सगळं समोर हजर.

त्या पोरीची एक रीत मला आवडली. ती पडदा पेशंटकडे फिरवते. म्हणते, तुमचं आहे, तुमी बघा. माझ्या देखत मालू नावाची एक बाई आली होती, पाड्यावरची. नवऱ्याच्या विम्यात आपलंही नाव आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. पडद्यावर कुणालीनं बोट ठेवून तिचं नाव वाचून दाखवलं, तर ती बाई दाढ विसरून त्या नावाकडेच बघत बसली.

तर एका महिन्यात कुणालीकडे अकरा पेशंट आले आणि अकराही जणांची जन्मतारीख १ जून. विमा कंपनीला वाटलं, डॉक्टरीण खोटी माणसं उभी करते. त्यांनी खुलासा मागितला. त्या अकरांतले नऊ जण माझे विद्यार्थी निघाले.

आता यात लपवायचं काय? पाड्यावरची माणसं पोर घेऊन शाळेत यायची. जन्म कधीचा, विचारलं तर म्हणायची, नाचणी कापत व्हतो तवाचा. मी पोराला सांगायचो, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. आणि शाळा जूनमध्ये भरते, म्हणून जन्म १ जूनचा. माझ्या गुरुजींनी माझंही तेच केलं होतं. मी खुलाशात सगळं सविस्तर लिहिलं आणि शेवटी लिहिलं, 'वरील सर्वांना एक जून रोजी जन्मास घालण्यास मी जबाबदार आहे.' कुणाली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. विमा कंपनीला काय कळलं असेल ते देव जाणे.

मी उठणार, तेवढ्यात तुझ्या आईनं पिशवीतून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ती बाजार करायचा म्हणून माझ्याबरोबर आली होती. बाजार हा होता. तुझ्या कंपनीच्या विम्याचं कार्ड; तिच्याकडे कसं आलं ते तुम्ही दोघी जाणा. त्यावर तुझं नाव आणि त्याखाली माझं. कुणालीनं माझा गाल बघितला, नंबर घातला आणि १ जून १९४२ घातलं. उघडलं नाही. साल चुकलं असेल म्हणून एक वर्ष पुढचं घालून पाहिलं. नाही उघडलं. तीनदा चुकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कुलूप लागतं म्हणे, म्हणून ती थांबली. दुसरी कुठली तारीख आहे का, असं तिनं विचारलं. तुझी आई माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो आणि बाहेर येऊन एसटीत बसलो.

म्हणजे तुझ्या कागदावर जो कोणी देवजी नथू वेखंडे आहे तो मी नाही. आणि असतो तरी मला चाललं नसतं. आपल्यात बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. तुझे आजोबा ठकी आत्याच्या सासरी जायचे, मुरबाडकडे सिद्धगडाच्या पायथ्याला, तर वाळलेल्या भोपळ्यात स्वतःचं पाणी बरोबर न्यायचे. पाण्याचं हे, तर दातांचं काय? तुझ्या विम्याचे दात बसवले की पुढं मरेपर्यंत खाल्लेला प्रत्येक घास तुझ्या घरचा. मला ते जमायचं नाही. नाव काढून टाकावं ही विनंती.

देवजी नथू वेखंडे
निवृत्त मुख्याध्यापक


खर्डी
९ मार्च २००८

प्रेमा,

तुझं उत्तर आलं नाही. मी मागितलंही नव्हतं. तरी वाळू पोस्टमन रोज अकरा वाजता ओट्यासमोरून सायकल काढतो आणि माझ्याकडे न बघता जातो, ते काही बरं दिसत नाही. तोही माझाच विद्यार्थी. त्याला माझा राग आहे आणि तो रास्त आहे.

तू तीन पत्रं पाठवली होतीस. पहिलं आलं तेव्हा मी वाळूला सांगितलं, 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही' असं लिही आणि परत पाठव. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी माझ्याफुडं बसलाव, मी तसा कसा लिवू?" मग मी त्याच्याच पेनानं लिहिलं. चौतीस वर्षं मी पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या. ते पत्र एप्रिल २००० मधलं होतं. मी रिटायर होणार होतो, दीड महिना राहिला होता. दुसरं आणि तिसरं पत्रही मी तसंच परत केलं. पण पाकिटामागचा तुझा पत्ता वाचल्याशिवाय एकही परत केलं नाही. हे पत्र मी कुणालाही पत्ता न विचारता घालतो आहे, यावरून काय ते समज.

दुसरी गोष्ट. दात दुखतो. जानेवारीतही दुखत होता. खालचे पाच हलतात, हिरडी सुजलेली आहे. कुणाली म्हणते, काढून कवळी बसवा, नाहीतर पू वर चढेल. मी दोन महिने पेजेवर आहे. भाकरी दुधात बुडवून खातो आणि तुझ्या आईला सांगतो की मला अशीच आवडते. शेजारच्या पोरांना पाढे म्हणून दाखवायला गेलो तर 'सात साते' म्हणताना शिटी वाजली. पोरं हसली. मीही हसलो, पण घरी येऊन आरशात बघितलं.

तिसरी गोष्ट लिहायला हे पत्र घेतलंय आणि तीच शेवटी ठेवली आहे.

कुणालीनं दुसरी तारीख विचारली तेव्हा मला माहीत होती. तिनं १ जून घातलं तेव्हाच मला कळलं होतं की हे उघडणार नाही. कारण कागद तू भरला होतास.

तू बारा वर्षांची होतीस. शाळेतल्या सगळ्या पोरांचा आणि गुरुजींचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, म्हणून तू दिवसभर माझं डोकं खाल्लंस. मी म्हटलं, माझी खरी तारीख देवाला ठाऊक. तू म्हणालीस, देवाला नाही, ठकी आत्याला ठाऊक असेल. आणि मला घेऊन गेलीस मुरबाडला, एसटी बदलून. ठकी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं डोकंही वर न काढता सांगितलं, "गौरी जेवाया बसल्या नि तू झालास. मंग थंडीत सिद्धगडावर गोळ्या चालल्या, तवा तू पालथा पडाया लागला व्हतास." बस, एवढंच. सिद्धगडावरचा तो गोळीबार जानेवारी १९४३ चा, त्यावरून तू शहापूरच्या भटजींकडची जुनी पंचांगं उपसलीस, आणि आठवड्यानं माझ्यापुढे कागद ठेवलास : १७ सप्टेंबर १९४२, गुरुवार, गौरीपूजन. वर मला म्हणालीस, बाबा, सरकारनं तुम्हाला साडेतीन महिने फुकट म्हातारं केलंय.

त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी सकाळी तू माझ्या हातावर गूळखोबरं ठेवायचीस. तू गेल्यापासून कुणी ठेवलं नाही. तुझ्या आईला तारीख माहीत होती, पण तिनं ठेवलं असतं तर मी ओरडलो असतो, म्हणून नाही ठेवलं.

सतरा सप्टेंबर. तिथं बसून एवढंच म्हणायचं होतं मला. मी 'नाही' म्हणालो. तारीख सांगितली असती आणि ते उघडलं असतं, तर तू माझी तारीख विसरली नाहीस हे सगळ्यांसमोर कळलं असतं. मग मी रागावून कसा राहिलो असतो? आणि न उघडतं तर तेही मला सोसलं नसतं. म्हणून एसटीत जाऊन बसलो.

कुणाली म्हणते की तुमच्यासारख्या कंपन्यांत दर १ एप्रिलला नावांची नवी यादी होते, तेव्हा कर्मचाऱ्यानं कुणाचं नाव ठेवायचं आणि कुणाचं काढायचं ते सांगायचं असतं. मी तुला जानेवारीत विनंती केली होती. त्या विनंतीची एवढी घाई करायची गरज नाही. म्हणजे तुझी सोय बघ. मी आपलं कळवलं.

दे. न. वेखंडे


खर्डी
३ एप्रिल २००८

चि. प्रेमा,

हो, 'चि.' लिहिलंय. खोडलेलं नाही.

मार्च महिना मी कसा काढला ते मला ठाऊक. चूक माझी, पत्र माझं, आणि आता नाव राहिलं का गेलं म्हणून झुरतोही मीच. आपलेच दात, आपलेच ओठ. तुझ्या आईला विचारायची सोय नाही, कारण तिला फोनबद्दल मला माहीत नाही असं वाटतं. काल, दोन तारखेला, सकाळी पहिल्या एसटीनं शहापुरात गेलो. तुझी आई म्हणाली, मी पण येते, बाजार करायचाय. मी म्हटलं, चल.

दवाखाना साडेदहाला उघडला, तर वीज गेलेली. भारनियमन. कुणाली म्हणाली, गुरुजी, दुपारी एकला येईल, तोवर दात बघते. मी म्हटलं, दात राहू दे, आधी ते तुझं उघड. बाकावर अडीच तास बसलो. बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागायचा तेव्हा पोरांचे आईबाप शाळेच्या पायरीवर बसायचे, तसा बसलो. मी त्या लोकांवर ओरडायचो, घरी जा म्हणून. आता कळलं.

वीज आली. कुणालीनं नंबर घातला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सतरा सप्टेंबर एकोणीसशे बेचाळीस."

शिटी वाजली, पण तारीख बरोबर ऐकू गेली. उघडलं.

कुणालीनं पडदा माझ्याकडे फिरवला. देवजी नथू वेखंडे, वडील. विमा सुरू : १ एप्रिल २०००. चालू वर्षाची नोंद : १ एप्रिल २००८. आजवरचा वापर : काही नाही. कुणाली म्हणाली, गुरुजी, आठ वर्षं नाव आहे आणि तुमी एक दात पण दाखवला नाय. माझे डोळे भरून आले, आणि ते दातामुळे नव्हे. परवाच्या दिवशी, माझं 'नाव काढ' असं पत्र हातात असताना, तू पुन्हा माझं नाव लिहिलंस. आणि आठ वर्षांपूर्वी मी ज्या एप्रिलमध्ये 'सदर इसम राहत नाही' असं लिहीत होतो, त्याच एप्रिलमध्ये तू त्या इसमाचं नाव पहिल्यांदा लिहीत होतीस. प्रेमा, मी फार चुकलो. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही, त्यामुळे कसं म्हणतात ते मला येत नाही. चुकलो.

तू साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नकार दिलास, तेव्हा मला तुझा राग आलाच नव्हता. राग आला तो शब्द मोडल्याचा. मुलाच्या बापाला, माझ्याबरोबरच्या मास्तराला, मी शब्द दिला होता. तुला न विचारता दिला होता. ज्यानं शेकडो पोरांना न विचारता तारखा दिल्या त्याला लेकीला विचारायचं सुचलं नाही.

पण आता मुख्य गोष्ट. कुणाली पुढं वाचत गेली. रितेश, पती. सुंदरा, आई. देवजी, वडील. आणि मग तिनं सहज वाचलं, "हर्षाली, मुलगी, वय चार."

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं वाचलं. मी मागं वळून बघितलं, तर तुझी आई छताच्या पंख्याकडे बघत होती.

बाहेर पडलो, स्टँडवर आलो, तिथं विचारलं. चार वर्षं, सुंदरा? चार वर्षं तू माझ्या ताटात वाढतेस आणि मला नात आहे हे सांगत नाहीस? तुझी आई एवढी शांत कधी बोलली नव्हती. म्हणाली, "तुमीच सांगितलंत ना, तिचं नाव या घरात काढायचं नाय. मी नाय काढलं."

मी तिला रसवंतीवर नेलं आणि दोन ग्लास रस पाजला. मग तिनं फोनचंही सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत होतं. ती म्हणाली, तुमाला माहीत होता ते मला पण माहीत होता. आठ वर्षं आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो आणि दोघांपैकी कुणीच फसत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं तांदळाच्या डब्यातून फोटो काढला. हर्षालीचा. डाव्या गालावर खळी आहे, ती ठकीची. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांग तिला. लागतो का बघ आणि कळव. लागायचा नाही, चार वर्षांच्या पोराचा लागत नाही. तरी बघ.

तुझा बाप,
देवजी


(पोस्टकार्ड)

खर्डी
१ जून २००८

चि. प्रेमास, आज माझा सरकारी वाढदिवस. कुणालीकडचे निम्मे पेशंट आणि मी, सगळे आज एका वर्षानं वाढलो. खालचे पाच आणि वरचे तीन, राहिलेले सगळे काढले. तोंड मोकळं आहे. हिरड्या सुकल्या की माप घेणार. कुणालीनं काम सुरू करण्याआधीच पडद्यावर बघून सांगितलं होतं, की दात काढणंही बसतं आणि कवळीही बसते, त्यामुळे कुठं अडलं नाही.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी घेतला नाही. राग नव्हता, दात नव्हते. आठ वर्षांनी पहिला शब्द बोलायचा आणि त्याची शिटी व्हायची, ते मला नको होतं. पण तुझ्या आईनं फोन माझ्या कानाला लावून धरला होता, हे तुला सांगितलं नसेल तर मी सांगतो. हर्षाली 'आजोबा, ऐकताय का' म्हणाली. ऐकत होतो.

बाबा


खर्डी
१७ सप्टेंबर २००८

माझी पेमा (लहानपणी हाक मारायचो तेच लिहिलंय),

आज सकाळी तुझ्या आईनं हातावर गूळखोबरं ठेवलं. मी ओरडलो नाही. खोबरं चावून खाल्लं. कवळी बसून आता दीड महिना झाला. पहिले आठ दिवस तोंडात दुसऱ्याची भांडी ठेवल्यासारखं वाटत होतं, आता माझीच वाटतात. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, दुधात न बुडवता. 'सात साते एकोणपन्नास' स्वच्छ. शेजारची पोरं नाराज आहेत.

मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, की तुझ्या विम्याच्या दातांनी खाल्लेला प्रत्येक घास तुझ्या घरचा होईल. तसंच झालंय. रोज दोन वेळा तुझ्या घरी जेवतो.

गौरी बसल्या होत्या तेव्हा ठकी आत्या आली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, अजून सुपारी फोडते, आणि मला कवळी बघून हसली. तिला मी सगळं सांगितलं आणि विचारलं, की नात झाली, म्हणजे आता लेकीच्या घरचं पाणी चालतं ना? ती म्हणाली, अरे, तुला आठवत नाय का? मला आठवलं. मी सात-आठ वर्षांचा होतो. बा माझा हात धरून तिच्या सासरी चालला होता. दर खेपेला भोपळ्यात पाणी न्यायचा, ओटीवर बसायचा, आणि ठकी दारात तांब्या धरून उभी राहायची, तो घेणार नाही हे माहीत असून. त्या खेपेला तिला पोर झालं होतं. बानं भोपळा घरीच ठेवला होता. उन्हातलं सगळं अंतर मला घेऊन तहानलेला चालला. वाटेत ओढा लागला तर मला पिऊ दिलं, स्वतः नाही प्यायला. ठकीच्या दारात पोचला आणि तीन तांबे पाणी प्यायला, एकामागून एक. ठकी भरून देत होती आणि रडत होती. मला वाटलं, बाला केवढी तहान लागली. आता कळतं, ठकीच्या लग्नापासूनची, चार वर्षांची होती ती तहान.

माझी आठ वर्षांची आहे. त्यातली चार तर नात असूनची, म्हणजे रिवाजाचंही कारण नव्हतं. नुसता मीच होतो.

मी कल्याणहून बंगलोरची दोन तिकिटं काढली आहेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतो. तुझ्या आईनं आत्तापासून तांदळाचे पापड, कुळीथ आणि हर्षालीला झबलं असं बांधायला घेतलंय. चार वर्षांच्या मुलीला झबलं होत नाही हे तिला पटत नाही, तिच्या लेखी ती नात अजून पाळण्यात आहे. रितेशरावांना सांग, की सासरा बोलायला कडू आहे पण चावत नाही. चावायचे दात त्यांच्याच घरचे आहेत. आणि हर्षालीला तिची जन्मतारीख नीट पाठ करून ठेव. ती मला तिच्या तोंडून ऐकायची आहे.

तोवर पत्र घाल. वाळूला मी सांगून ठेवलंय, की माझ्या नावाचं काहीही आलं तरी माझ्याच हातात द्यायचं. तो म्हणाला, गुरुजी, या खेपेला मी काय लिवू? मी म्हटलं, काही लिहू नको, नुसतं दे. सदर इसम याच पत्त्यावर राहतो.

गाडीत तुझी आई पाण्याच्या दोन बाटल्या घेणार म्हणते. तिच्यासाठी घेऊ दे. मी कल्याणपासून तुझ्या दारापर्यंत पाणी पिणार नाही. तांब्या भरून ठेव, आणि दुसराही.

बाबा